प्रबंधाचा पूर्णविराम आणि पदवीची सनद

प्रबंधाचे शेवटचे वाक्य लिहून झाले म्हणजे पदवी पदरात पडलीच, असा पुष्कळ विद्यार्थ्यांचा, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या घरच्या मंडळींचा समज असतो. वस्तुतः प्रबंध हे विद्यार्थ्याचे काम आणि पदवी हे विद्यापीठाचे कृत्य. आणि या दोहोंच्या दरम्यान निवासाच्या अटी, मुदती, परीक्षकांचे अहवाल, तोंडी परीक्षा, प्रतींची संख्या, फीच्या पावत्या आणि निरनिराळ्या खात्यांचे दाखले यांचा असा काही प्रदेश पसरलेला असतो, की तो ओलांडावयास कोणाला पंधरवडा पुरतो, तर कोणाला एक तपही अपुरे वाटते. हे दोन्ही अनुभव एकाच व्यक्तीच्या वाट्याला आल्याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी लिहिलेल्या प्रबंधावर १५ मे १९१५ ही तारीख आहे आणि पुढच्याच महिन्यात ते एम.ए. झाले, त्याच विद्यापीठातील आपला मुक्काम त्यांनी १९१६ साली हलविला, पण तेथील पीएच.डी. त्यांना विधिपूर्वक मिळाली ती ८ जून १९२७ रोजी. मधल्या अकरा वर्षांत त्यांचे अध्ययन थांबले होते असे मुळीच नाही. थांबली होती ती पूर्तता.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण दोन देशांतल्या दोन विद्यापीठांतून पदव्युत्तर पदव्या मिळविताना, पदवीच्या वाटेवर उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येक नियमाशी त्यांची गाठ पडली, आणि नियमांचे खरे स्वरूप ते पुस्तकात छापलेले असताना कळत नाही, ते एखाद्याला अडवितात तेव्हाच कळते.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी मंजूर केलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. शिष्यवृत्तीची मुदत तीन वर्षांची. या तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची जी यादी अभ्यासकांनी दिली आहे, ती पाहण्याजोगी आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन यांचा प्रत्येकी एक. या यादीतील शेवटच्या दोन नोंदी वाचकाला किरकोळ वाटतील; परंतु त्या काळी अमेरिकन विद्यापीठांत डॉक्टरेटच्या उमेदवाराला या दोन भाषांतील ग्रंथ वाचता आले पाहिजेत अशी सर्वसाधारण अपेक्षा असे, कारण अर्थशास्त्रासारख्या विषयातले बरेचसे नवे संशोधन त्याच भाषांत प्रसिद्ध होत होते. तात्पर्य, प्रबंध हा पदवीचा एक भाग असतो, सगळी पदवी नव्हे. आजही कोणत्याही प्रबंधाच्या मुखपृष्ठावर 'पदवीच्या आवश्यकतांच्या अंशतः पूर्ततेसाठी सादर' असा जो ठरावीक मजकूर असतो, तो टंकलेखकाने सवयीने उतरविलेला असला, तरी त्यातील 'अंशतः' हे विशेषण अक्षरशः खरे आहे.

एम.ए.चा प्रबंध कोणता, याविषयी चरित्रग्रंथांत थोडा घोटाळा आढळतो. कित्येकांनी 'प्राचीन भारतीय व्यापार' या निबंधाचे नाव दिले आहे, परंतु एम.ए.च्या पदवीसाठी सादर केल्याचा उल्लेख आणि उपरोक्त तारीख ज्यावर आहे, तो प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचा अर्थव्यवहार यांविषयीचा आहे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखनात हे दोन्ही निबंध वाचावयास मिळतात. या प्रबंधाची पाने चाळीस-बेचाळीस. दीडशे पाने भरल्यावाचून ज्यांना आपला प्रबंध प्रबंधासारखा वाटत नाही, अशा आजच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पाने थोडी पुरली, कारण विषयाला कुंपण घट्ट होते: एक कंपनी, तिचा जमाखर्च, आणि १७९२ ते १८५८ हा कालखंड. एम.ए.च्या प्रबंधाकडून विद्यापीठ नवा सिद्धांत मागत नाही. ठरावीक चौकटीतली साधने उमेदवाराने स्वतः पाहिली आहेत, ती त्याला नीट लावता येतात, आणि दुसऱ्याचे म्हणणे कोठे संपते व आपले कोठे सुरू होते हे त्याला कळते, एवढीच खातरजमा त्याला हवी असते. आणि ही 'एवढीच' खातरजमा करून देताना भल्याभल्यांची दमछाक होते.

ऑक्टोबर १९१६ मध्ये आंबेडकर लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी त्यांनी नाव घातले. तेथे त्यांची गाठ ज्या नियमाशी पडली, तो प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी निरुपद्रवी वाटतो आणि शेवटच्या वर्षी मानेवर बसतो. तो म्हणजे मुदतीचा नियम. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली, १९१७ च्या उन्हाळ्यात हिंदुस्थानास परतणे भाग पडले, आणि एम.एस्सी.चा प्रबंध अर्धाच राहिला. येथे त्यांनी जे केले ते व्यवहारदृष्ट्या फार महत्त्वाचे होय. काम तसेच टाकून ते बोटीत चढले नाहीत. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या साहाय्याने त्यांनी लंडन विद्यापीठाकडून, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी पदरात पाडून घेतली. तोंडी आश्वासनावर विसंबून निघून गेलेल्या आणि पुढे दप्तरात नावाचा मागमूसही न उरलेल्या विद्यार्थ्यांच्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना या दूरदृष्टीचे मोल निराळे सांगावयास नको.

युद्धाचे दिवस होते. ज्या बोटीने त्यांचे सामान व ग्रंथ यावयाचे होते, ती पाणतीराने बुडविली गेली. बडोद्यातील नोकरीचा जो अपमानास्पद अनुभव त्यांना आला तो सर्वश्रुत आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, आणि १९२० च्या मार्चपर्यंत त्या पगारातून त्यांनी शिल्लक टाकली. त्या शिलकेत कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या मदतीची आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेल्या पाच हजारांच्या कर्जाची भर घालून जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. चार वर्षांच्या मुदतीपैकी तोवर पावणेतीन वर्षे सरली होती.

निवासाची आणि मुदतीची अट विद्यापीठे का घालतात, हा प्रश्न येथे विचारण्याजोगा आहे. विद्यार्थ्याने अमुक सत्रे विद्यापीठाच्या परिसरात काढली पाहिजेत, यामागे मूळ हेतू असा, की प्रबंध हा घरबसल्या मागवून घेता येण्यासारखा माल न राहता, मार्गदर्शकाच्या नजरेखाली, ग्रंथालयाच्या सान्निध्यात आणि समवयस्क अभ्यासकांच्या वादविवादात घडावा. हा हेतू योग्यच आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये तर एम.ए. ही पदवी जवळजवळ केवळ कालावधीवर मिळते, बी.ए. झालेल्याने ठरलेली वर्षे लोटू द्यावीत आणि रीतसर फी भरावी, परीक्षाही नाही आणि प्रबंधही नाही. परंतु ज्याला परिसरात राहण्यासाठी कर्ज काढावे लागते त्याच्यासाठी प्रत्येक सत्र म्हणजे व्याज, आणि हा नियम करणाऱ्या समित्यांच्या टेबलाभोवती असा मनुष्य सहसा बसलेला नसतो. त्या लंडनच्या दिवसांत ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवसभर बसून वाचावयाचे, आणि रात्री भुकेला आधार म्हणून भाजलेले पापड खाऊन पुन्हा पुस्तक उघडावयाचे, हा आंबेडकरांचा क्रम चरित्रकारांनी नोंदविलेला आहे. जून १९२१ मध्ये 'ब्रिटिश हिंदुस्थानातील साम्राज्य-अर्थव्यवस्थेचे प्रांतिक विकेंद्रीकरण' या प्रबंधावर ते एम.एस्सी. झाले. मुदत संपावयास चार महिने बाकी होते.

या विषयावर त्यांनी जे काम केले, त्याच्या पद्धतीकडे थोडे बारकाईने पाहावे, कारण माहितीचा ढीग आणि प्रबंध यांतील भेद तेथे स्पष्ट दिसतो. लॉर्ड मेयोच्या सरकारने १८७० च्या डिसेंबरात प्रांतांकडे काही खाती व त्यांच्यासाठी ठरावीक रक्कम सोपविण्याचा ठराव केला, आणि तेव्हापासून पुढील पन्नास वर्षांत मध्यवर्ती व प्रांतिक सरकारांमधील पैशांचे संबंध अनेकदा बदलले. हे सर्व बदल सालवार लिहून काढणाऱ्याला बखरकार म्हणता येईल. आंबेडकरांनी ते बदल तीन अवस्थांत बसविले. १८७१-७२ पासून १८७६-७७ पर्यंत प्रांताला मध्यवर्ती तिजोरीतून एक नेमलेली रक्कम मिळे. १८७७-७८ ते १८८१-८२ या काळात रकमेऐवजी उत्पन्नाच्या काही बाबीच प्रांताच्या हवाली झाल्या. आणि १८८२-८३ पासून १९२०-२१ पर्यंत काही बाबींचे उत्पन्न दोघांनी वाटून घ्यावयाचे अशी रीत पडली. ही विभागणी अंदाजपत्रकांच्या कागदावर कोठे छापलेली नव्हती, ती अभ्यासकाने शोधली. आणि एकदा शोधल्यावर आधीचा सगळा गुंता आपोआप सुटत गेला. परीक्षक प्रबंधात हीच गोष्ट शोधीत असतात. विद्यार्थ्याने स्वतः घातलेली, साधनांनी पेललेली आणि दुसऱ्याला पडताळून पाहता येईल अशी एखादी तरी विभागणी त्यात असली, की बाकीचे दोष ते पोटात घालतात.

सगळेच दोष मात्र पोटात घातले जात नाहीत. ऑक्टोबर १९२२ मध्ये आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध लंडन विद्यापीठाला डी.एस्सी.साठी सादर केला. पुढच्या मार्चमध्ये, ब्रिटिश धोरणावरील टीका फार कडक झाल्यामुळे परीक्षकांनी तो नव्याने लिहून आणावयास सांगितले, असे चरित्रकार सांगतात. जवळचे पैसे संपले होते. ते मुंबईस परतले, येथे बसून त्यांनी मजकूर पुन्हा लिहिला, निष्कर्ष मात्र तसेच ठेवले, आणि तो लंडनला रवाना केला. १९२३ साल संपण्यापूर्वी पदवी मिळाली आणि लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने ग्रंथही काढला. त्याला कॅनन यांची प्रस्तावना आहे, आणि आपल्याला यातील सर्व मते मान्य नाहीत हे त्यांनी त्याच प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगून टाकले आहे. मार्गदर्शकाशी मतभेद म्हणजे पदवीला मुकणे, अशी जी भीती आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या मनात घर करून असते, तिला हे उत्तर पुरेसे ठरावे. भाषेला मुरड घालावी लागते हे खरे. परंतु मताला मुरड घालण्याची अट कोणत्याही प्रतिष्ठित विद्यापीठाच्या नियमावलीत नसते, आणि असलीच तर ती अलिखित असते. अलिखित अटींपुढे वाकावयाचे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आता कोलंबियाच्या त्या अकरा वर्षांकडे वळू. त्या विद्यापीठाचा तत्कालीन दंडक असा होता, की प्रबंध मान्य झाला तरी तो छापून, त्याच्या ठरावीक प्रती विद्यापीठात दाखल झाल्यावाचून डॉक्टरेटची सनद द्यावयाची नाही. हा दंडक अमेरिकनांनी जर्मनीहून उचलला. एकोणिसाव्या शतकात ज्या जर्मन विद्यापीठांनी संशोधनप्रधान पदवीचा आदर्श घालून दिला, त्यांच्या मते ज्ञान ही सार्वजनिक वस्तू असून, जे चारचौघांच्या हाती पडत नाही ते सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. शिवाय छापील प्रबंधांची देवघेव करून त्यांची ग्रंथालये एकमेकांची कपाटे भरीत, आणि उसना किंवा बनावट प्रबंध लपून राहणे अवघड होई. विचार उमदा आहे यात शंका नाही. पण छपाईचा खर्च उमेदवाराच्या अंगावर, आणि हिंदुस्थानातून न्यूयॉर्कला पाठविलेल्या शिष्यवृत्तीत या खर्चाचा रकाना नव्हता. १९२५ साली, पुन्हा त्याच पी. एस. किंग कंपनीमार्फत, 'ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याला कोलंबियातील गुरू प्राध्यापक सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि तो सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे. त्यानंतर पदवी मिळाली तोवर आंबेडकरांनी मुंबईत वकिली सुरू केली होती, ते कायदेमंडळाचे सभासद झाले होते, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह घडून गेला होता आणि 'बहिष्कृत भारत' पत्राचे अंकही निघू लागले होते.

अमेरिकेत छपाईच्या या जाचातून सुटका होण्याचा मार्ग यंत्राने काढला. १९३८ साली अ‍ॅन आर्बर येथे प्रबंधांचे सूक्ष्मपट करून देणारी संस्था सुरू झाली, आणि छापील प्रतींऐवजी एक फिल्म विद्यापीठाला चालू लागली. आपल्याकडे आज 'शोधगंगा' या सरकारी कोशात पीएच.डी.चे प्रबंध संगणकावर चढवावे लागतात, त्यामागे तोच जुना जर्मन हेतू आहे, खर्च मात्र उमेदवाराच्या अंगावरून उतरलेला आहे. एम.ए.चा प्रबंध मात्र बहुधा विभागाच्या कपाटापलीकडे जात नाही, याचे मला वाईट वाटते.

कारण आपल्या मुंबई विद्यापीठात एम.ए.च्या प्रबंधांनी एके काळी एक शास्त्र उभे केले. येथे समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला आणि १९२४ पासून तो मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली इरावती कर्वे यांनी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून १९२८ मध्ये एम.ए. केले, त्यानंतर म्हैसूरच्या श्रीनिवासांनी म्हैसुरातील विवाह आणि कुटुंबसंस्था यांवर एम.ए.चा प्रबंध लिहिला, तो १९४२ मध्ये ग्रंथरूपाने निघाला आणि आजही अभ्यासला जातो. दोघांनीही विषय घराजवळचा घेतला. दोन वर्षांच्या मुदतीत जो विषय गोळा करता येतो, ज्याची भाषा येते, ज्याच्या माणसांच्या ओटीवर जाऊन बसता येते, तोच एम.ए.ला झेपतो, हे घुर्ये जाणत होते आणि आजचे अनेक मार्गदर्शक विसरतात. इरावतीबाई पुढे बर्लिनला गेल्या, तेथे कवटीच्या दोन बाजूंमधील विषमतेचा वंशाशी संबंध असावा या आपल्या गुरूच्या तर्काला मोजमापांत आधार मिळत नाही असे त्यांना दिसले, आणि तसेच लिहून त्यांनी १९३० मध्ये डॉक्टरेट मिळविली. मोजमाप करणारा हात मुंबईतल्या एम.ए.ने तयार केला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

आजच्या विद्यार्थ्याच्या वाटेवर एक नवी चौकी बसलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधातील मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो हे यंत्राकडून तपासले जाते: साम्य शेकडा १० पर्यंत असेल तर शिक्षा नाही, १० ते ४० पर्यंत असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यावयाचे, ४० ते ६० पर्यंत असेल तर वर्षभर बंदी, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची आणि सलग १४ शब्दांपर्यंतचा सामान्य मजकूर यांतून वगळलेला आहे. नियम स्वागतार्ह आहे. फक्त यंत्राला शब्दांची चोरी दिसते, कल्पनेची दिसत नाही, आणि शब्द बदलून कल्पना पळविण्याची कला या नियमामुळे अधिकच भरभराटीला आली, हे कोणताही परीक्षक खाजगीत कबूल करील.

मग राहतो तो शेवटचा पंधरवडा. गाइडचे प्रमाणपत्र, उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र, विभागप्रमुखांची सही, या क्रमाने पाने लागली पाहिजेत, आणि सही व्हावयाच्या दिवशी गाइड बहुधा परगावी परीक्षेला गेलेले असतात. बाइंडिंगवाला काळ्या किंवा मरून रेक्झिनवर सोनेरी अक्षरे उठवून देतो. तो आडनाव चुकवील म्हणून त्याला ते मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. एक प्रत स्वतःकडे राहील इतक्या प्रती काढाव्यात. ग्रंथालयाचे पुस्तक, वसतिगृहाची खोली, प्रयोगशाळेचे साहित्य, यांपैकी एकाचेही येणे बाकी असले तर 'नो ड्यूज'चा कागद अडतो, आणि तो अडला की गुणपत्रिका अडते. हा कागद प्रबंध टंकावयास देण्याच्या दिवशीच हाती घ्यावा. व्हायवाला बाहेरचे परीक्षक सहसा पहिला प्रश्न विचारतात तो, हाच विषय का घेतलात, हा. त्याचे उत्तर 'सरांनी दिला' असे असू नये. निकाल लागल्यावर प्रोव्हिजनल सर्टिफिकेट मिळते आणि नोकरीला व पुढील प्रवेशाला तेवढे चालते, म्हणून अनेक जण सनदेचा अर्जच करीत नाहीत. पुढे परदेशी जाण्याची वेळ आली म्हणजे मूळ सनद मागितली जाते आणि परीक्षा विभागाच्या खिडक्यांवर खेटे सुरू होतात. पदवीदान समारंभाला हजर राहता येत नसेल तर गैरहजेरीत सनद घेण्याचा अर्ज असतो, तो त्याच वर्षी भरावा, आणि भरताना आपले, वडिलांचे आणि आईचे नाव देवनागरीत व रोमन लिपीत दोन्हीकडे दहावीच्या दाखल्याप्रमाणेच आहे ना, हे अक्षर अक्षर लावून पाहावे.